राशनला अंगठा कोण देईल

लातूर,
११ जून २०२४

तीर्थरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार.

सावरखेडात अजून रेंज आली नाही आणि टेकडीवर चढून तू काही मला फोन करणार नाहीस. म्हणून पत्र. किनवटच्या हॉस्टेलात होतो तेव्हा तू लिहायचीस, ती सवय दोघांची अजून मोडली नाही हे बरं झालं.

बातमी मोठी आहे. इतकी वर्षं हळदीला, बारशाला, क्लासवाल्यांच्या गॅदरिंगला मी माईक धरला. नंतर हे स्टँडअप सुरू केलं, तुझे 'हे', म्हणजे मामा, ज्याला बिनढोलकीचा तमाशा म्हणतात ते. वीस-पंचवीस माणसं यायची, त्यातली निम्मी ओळखीची. गेल्या महिन्यात मी तुझं रडणं केलं. देविदासकाकाच्या मयताला तू गल्लीच्या तोंडापासून गळा काढत आली होतीस ते. "राशनला अंगठा कोण देईल रं, सिलिंडरचा नंबर तुझ्या फोनात रं, मोटरीची चावी कुठं ठेवलीस रं माझ्या भावा." मग मी थांबतो आणि म्हणतो, मेलेल्या माणसाला एवढी कामं सांगितलेली मी दुसरीकडं पाहिली नाहीत, मला वाटलं देविदासकाका उठतील, चावी देतील आणि परत झोपतील.

आत्या, लोक खुर्चीवरून खाली आले. कुणीतरी ते मोबाईलवर टाकलं. आता मी चहाच्या टपरीवर उभा राहिलो तरी माणसं "मोटरीची चावी" म्हणून हाक मारतात.

माझं एक काम कर. कुणाकुणाच्या मयताला तू काय काय म्हणालीस ते आठवून लिहून पाठव. दुसरं, माझं नाव अजून तुमच्याच राशन कार्डावर आहे. ते कमी करून घे म्हणजे मला इथं नवीन कार्ड काढता येईल. आता मी लातूरचाच झालो.

मामांची तब्येत कशी आहे?

तुझा,
सुदर्शन


सावरखेड, ता. किनवट
२ जुलै २०२४

चि. सुदर्शनास,
आत्याचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं चांगलं चाललंय हे वाचून बरं वाटलं. मामाच्या पायावर सूज हाय. नांदेडला दाखवलं. किडनीचं म्हणतात. पाणी मोजून प्यायला सांगितलंय, तर हे म्हणतात, घरात विहीर आन् मी तहानलेला.

तू मागितलंस ते मला लिहिता येणार न्हाई. रडताना काय म्हणते ते मला नंतर आठवत न्हाई. ते आपण ठरवून म्हणत नसतो. मयताच्या दाराशी गेलं की त्या माणसाच्या हातातली कामं दिसायला लागतात. कोणतं काम आता बिनमाणसाचं राहिलं ते तोंडातून निघतं, एवढंच.

हल्ली मी मयताला जाऊन नाही राहिले. गुडघे धरतात. परवा किनवटच्या बसमध्ये कॉलेजच्या पोरी भेटल्या. म्हणाल्या, मावशी, तुम्हीच का त्या, जरा करून दाखवा ना. मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

कार्डाचं मामा म्हणतात, तहसीलात खेटे घालायचं अंगात बळ न्हाई, पाऊस उघडला की बघू.

तुझी,
तुळजाबाई


लातूर,
२० जुलै २०२४

तीर्थरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार.

बसमधल्या पोरींचं वाचून मी इथं सगळ्यांना सांगितलं. आत्या, तुला लोक ओळखायला लागले. याच्यासाठी माणसं मुंबईला जाऊन उपाशी राहतात आणि तुला बसमध्ये बसल्या जागी मिळालं. त्या पोरींशी दोन शब्द बोलायचे होतेस.

आता ऐक. पुण्याची एक कंपनी माझा पूर्ण तासाचा कार्यक्रम करणार आहे. नाव फक्त "आत्या". डिसेंबरात पहिला प्रयोग, मग औरंगाबाद, नाशिक, मुंबई. त्यांना सगळं तुझ्यावरच हवं आहे. तुझं नऊवारी, तुझं भांडण, तुझं रडणं. मी होकार दिला आहे.

गुडघ्यांना तेल लाव. मयताला जायचं सोडू नकोस, माझं दुकान त्याच्यावर चाललं आहे. गंमत केली.

मामांना सांग, डिसेंबरात दोघांना पुण्याला पहिल्या रांगेत बसवतो.

तुझा,
सुदर्शन


सावरखेड,
९ ऑगस्ट २०२४

सुदर्शन,

गुडघ्याचं मी खोटं लिहिलं होतं. गुडघे चांगले हायत.

रुक्मिणबाई गेली. तुला आठवत असेल, माझ्यासोबत निंदायला यायची, तुला बोरं आणून द्यायची. पस्तीस वर्षं आम्ही शेतात शेजारशेजारचे तास, म्हणजे पिकाच्या ओळी, धरून निंदलं. मी गल्लीच्या तोंडापासून गळा काढला तसा नेहमी काढते. "रुक्मिणी गं, माझ्या शेजारचा तास रिकामा करून गेलीस गं." दारात बाया बसल्या होत्या. तिची सून करिश्मा पदर तोंडाला लावून हलत होती. मला वाटलं रडून राहिली. जवळ गेले, तिच्या गळ्यात हात टाकला, तर ती हसत होती. आवरत नव्हतं तिला बिचारीला. तिच्या बाजूची हसली. मग मागच्या. आन् मग सुदाम, ज्याची आई समोर निजवलेली होती तो, तोही हसला. हसला आन् आपल्याच हातानं आपल्या तोंडात मारून घेतली.

मी तिथंच गप झाले. रुक्मिणीला कोणी रडलं न्हाई. तशीच नेली.

गावात रेंज न्हाई, पण पोरं किनवटाहून मोबाईलमध्ये भरून आणतात. सगळ्यांनी पाहिलं हाय.

आता दुसरं सांगते. मामाला नांदेडला आठवड्यातून दोनदा मशीनवर नेत होतो. आता ते जायला तयार न्हाईत. म्हणतात, रेल्वेत बसून मरण्यापेक्षा घरी बरं. डॉक्टरनं दिवाळीपुढचं काही सांगितलं न्हाई. आन् यांचं एकच. म्हणतात, "दहा गावच्या मयताला तू रडलीस, मी बाहेर बिडी ओढत ऐकत बसलो. लोक म्हणायचे, भुजंगराव नशीबवान, याच्या वक्ताला काय रडंल ही. तर माझ्या वक्ताला कंजूषी करू नको."

मी हो म्हणते. पण मी तोंड उघडलं आन् लोक हसले तर? माझा माणूस पुढं निजलेला असेल आन् गाव हसेल. सुदर्शन, ते थांबव. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास. माझ्या रडण्याला भिऊन कणगीमागं लपलास, मग माझ्याच मांडीवर येऊन झोपलास. त्याची आठवण देऊन सांगते, थांबव.

तुळजाबाई


लातूर,
३० ऑगस्ट २०२४

आत्या,

तुझं पत्र वाचलं आणि आधी मोबाईल उघडला.

ती क्लिप मी काढून टाकली. पण ती आता माझ्या हातात राहिलेली नाही. हजार लोकांनी आपापल्या नावावर टाकली आहे. एकानं तुझ्या ओळींवर बेंजो लावला. मी विनंती केली, भांडलो, तर त्या भांडणाचीच क्लिप झाली.

मी तुला दुसरंही सांगितलं नव्हतं. माझं बाकी काही चालत नाही. क्लासवाल्यांवर बोललो, पाण्याच्या टँकरवर बोललो, लोक जांभया देतात. शनिवारी इथं कार्यक्रम होता. मी ठरवून गेलो, तुझं करायचं नाही. दहा मिनिटांत मागून आवाज सुरू झाले, "आत्या, आत्या." मी दुसरं बोलत राहिलो. माणसं उठायला लागली. आयोजक पडद्याआडून हात हलवत होता. शेवटी मी केलं. तुझं पत्र खिशात होतं आणि मी केलं. सगळे परत खाली बसले.

पुण्याचं सोडलं तर माझ्याकडं काही उरत नाही. हळदीलाही आता डीजे असतो, बोलणारा माणूस कुणाला लागत नाही. तरी तू म्हणालीस तर सोडतो. पण मी सोडल्यानं काय होणार? मी उद्या मेलो तरी लोक हसायचे थांबणार नाहीत. मी काय करू, तूच सांग.

सुदर्शन


सावरखेड,
१२ सप्टेंबर २०२४

चि. सुदर्शनास,
मामाचा आशीर्वाद.

पडल्या पडल्या लिहितो, अक्षर सांभाळून घे. तुझ्या आत्यानं तुझं पत्र वाचलं, घडी घातली आन् भाकरी थापायला बसली. तीन भाकरी जळाल्या. म्हणून मी लिहून राहिलो.

मी तुझ्यावर रागावलो न्हाई. मला तर तुझं ते पाहून हसू आलं होतं. देविदास खरंच चावी कुठं ठेवायचा कुणाला सांगायचा न्हाई. पण तुझी आत्या जेवत न्हाई ते मला बघवत न्हाई. मला मरायचं भ्या न्हाई वाटत. गपगुमान न्यायचं भ्या वाटतं, चोराला नेल्यासारखं.

झोपल्या झोपल्या जुनं आठवतं. आमच्या लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन यायचा. आला की गाव लोटायचं. एका साली त्याचा पाय मोडला आन् तो महिनाभर इथंच पारावर राहिला. रोज खेळ करायचा, पोटापुरतं मिळावं म्हणून. आठवड्यानं पोरं यायची बंद झाली. पंधरवड्यानं अस्वल नाचत असायचं आन् बाया त्याच्या अंगावरून पाण्याला जायच्या. मान वर करत नव्हत्या.

सहज आठवलं म्हणून लिहिलं. तू शिकलेला हायस. मला फार वेळ न्हाई.

भुजंग


लातूर,
२१ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप मामांस,
साष्टांग नमस्कार.

अस्वलाची गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. तुम्ही सहज लिहिली नाही हे मला कळलं.

आमच्या धंद्यात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे तिला भितात. एकच विनोद माणूस पहिल्यांदा ऐकतो तेव्हा हसतो. दुसऱ्यांदाही हसतो. मग शेजाऱ्याला कोपरानं ढोसतो, बघ आता काय म्हणतो. मग त्याला तो पाठ होतो. पाठ झालेल्या गोष्टीला कुणी हसत नाही. म्हणून आम्ही चांगला विनोद जपून वापरतो, एका गावात दोनदा करत नाही.

मी किनवटला येतो. मित्राच्या खोलीवर राहीन. बोधडी, इस्लापूर, मांडवी, सारखणी, जिथं जिथं सावरखेडची माणसं बाजाराला जातात तिथं उभा राहून तेवढंच करीन. फुकट. तेच शब्द, त्याच जागी थांबायचं. लोक कंटाळेपर्यंत, शिव्या देईपर्यंत.

आत्याला सांगू नका. ती नको म्हणेल, आणि तिनं नको म्हटलं की माझ्यानं होणार नाही.

तुम्ही तेवढे थांबा.

सुदर्शन


सावरखेड,
१४ ऑक्टोबर २०२४

सुदर्शन,

हे पत्र किनवटच्या पत्त्यावर टाकते, कारण तू तिथं हायस हे मला आता कळलं.

मामाला पपई आणायला बोधडीच्या बाजाराला गेले होते. शेजारची पार्वतम्मा सोबत होती. मिरचीच्या पोत्यांपाशी गर्दी दिसली. पाहते तर तू. खोक्यावर उभा, हातात लग्नातला माईक, डोक्यावरून पंचा पदरासारखा घेतलेला. माझ्या आवाजात राशनचा अंगठा म्हणून राहिला होतास. माझ्या गावची माणसं समोर उभी होती. पार्वतम्मानं माझा हात धरून मला तिथून बाहेर काढलं.

मी तुला थांबव म्हणाले. तू लातुरात थांबला न्हाईस, ते मी समजून घेतलं, पोटासाठी असेल. आता माझ्या दाराशी येऊन करतोस. मामा घरात झोपून हायत आन् तू बाजारात त्यांचं मयत करतोस.

मला आता पत्र लिहू नको. दारात येऊ नको. मामाचं काही झालं तरी येऊ नको.

तुळजाबाई


किनवट,
१० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप मामांस,

आत्याला लिहायची बंदी आहे म्हणून तुम्हाला. पत्र तुमच्याच हातात द्यायला पोस्टमन व्यंकटला सांगितलं आहे.

इस्लापूरला काल पुन्हा केलं. पोरं माझ्याआधी ओळी म्हणायला लागली आहेत. बायांनाही पाठ झालं. मी थांबतो तिथं त्याही थांबतात, पण हसत कुणी नाही. भाजीवाली म्हणाली, "सरक रे बाबा बाजूला, गिऱ्हाईक अडून राहिलंय." मामा, हेच ऐकायला मी आलो होतो. ऐकलं आणि टेम्पोच्या मागं जाऊन बसलो. आपल्याच हातानं आपलं एकुलतं जनावर मारल्यासारखं वाटलं.

पुण्याहून फोन आला. त्यांनी बाजारातल्या क्लिपा पाहिल्या. म्हणाले, जे मिरचीच्या पोत्यापाशी फुकट मिळतं त्याला तिकीट कोण काढेल? कार्यक्रम रद्द. मी वाद घातला नाही. ते बरोबर बोलत होते. लातूरची खोलीही सोडली.

आता एकाच गोष्टीचं भय वाटतं. लोक हसायचे थांबले. पण हसायचे थांबलेले लोक रडतील का? की त्या अस्वलासारखं, आत्या रडेल आणि बाया मान वर न करता बाजूनं निघून जातील? तसं झालं तर मी तिचं आणखी मोठं नुकसान केलं. याचं उत्तर माझ्या धंद्यात कुणाकडं नाही. विनोद मेल्यावर त्याच्या जागी काय उरतं हे आम्ही कधी थांबून पाहत नाही.

उद्या बोधडीला परत करतो.

सुदर्शन


सावरखेड,
८ डिसेंबर २०२४

चि. सुदर्शनास,
आत्याचा आशीर्वाद.

मामा गेले ते तुला माहीतच हाय. तू वेशीपर्यंत आलास, चिंचेखाली उभा राहिलास आन् प्रेत उचलायच्या आधी परत गेलास. व्यंकटनं सांगितलं. तू म्हणालास म्हणे, माझं तोंड दिसलं तर लोक हसतील. म्हणून तुला पुढचं कळलं न्हाई. ते सांगायला लिहिते.

मामानं शेवटच्या आठवड्यात मला सगळं सांगितलं होतं. अस्वलाचं, तुझ्या पत्राचं, पुण्याचं. मी म्हणाले, आधी का न्हाई सांगितलं? म्हणाले, "तू दोघांनाही झाडून काढलं असतंस." त्यानंतर मी रोज ठरवत होते, तुला बोलवायचं. रोज वाटायचं, उद्या. तोवर ते गेले.

सकाळी गेले. त्यांना अंगणात निजवलं. गाव जमलं. सगळ्या बाया माझ्याकडं बघत होत्या. मला माहीत होतं, त्या वाट बघतायत. मी मनात ठरवलं होतं, राशनचं म्हणायचं न्हाई, चावीचं म्हणायचं न्हाई, जे जे तू केलंस त्यातलं काही म्हणायचं न्हाई. पण मी तुला सांगितलं होतं, हे ठरवून होत नसतं. तोंड उघडलं आन् तेच निघालं. "राशनला अंगठा कोण देईल रं." कारण खरंच तसं हाय. निंदून निंदून माझ्या बोटांच्या रेघा गेल्या, मशीन माझा अंगठा घेत न्हाई. एवढे दिवस मामाच जायचे.

मी एवढंच म्हणाले आन् माझा आवाज गेला. मी डोळे मिटले. आता हसतील म्हणून वाट बघत बसले.

कोणी हसलं न्हाई. रडलंही न्हाई. तेव्हा मला तुझा राग आला, खोटं कशाला सांगू. वाटलं, सगळं पाठ करवून ह्यानं बायांची मनं बोथट करून टाकली.

मग पार्वतम्मा माझ्या शेजारी येऊन बसली. तिनं पुढची ओळ धरली. "सिलिंडरचा नंबर तुझ्या फोनात रं." आन् थांबली. सुदर्शन, ती तुझ्यासारखीच थांबली. तू हसू यावं म्हणून जिथं थांबत होतास, अगदी तिथं. त्या थांब्यात करिश्माला रडू फुटलं. तिनं तिसरी ओळ घेतली, "मोटरीची चावी कुठं ठेवलीस रं." परत सगळ्या थांबल्या. आता बाकीच्या बायाही रडत होत्या. त्यांना सगळ्यांना येत होतं. तू शिकवलं होतंस.

मग माझा आवाज आला. पुढचं मी म्हणाले, जे तुला माहीत न्हाई ते. विहिरीचं म्हणाले, बिडीचं म्हणाले. मी एक ओळ म्हणायची, बाया ती उचलायच्या. मामाला नदीपर्यंत रडत नेलं. सुदाम म्हणाला, असं मयत आजवर पाहिलं न्हाई. रुक्मिणीचं राहिलं होतं तेही त्यातच निघालं, तो आईचं नाव घेऊन रडला.

तुझं काय झालं ते मला कळतंय. पुणं गेलं, लातूर गेलं, जे येत होतं ते बाजारात सांडून बसलास. मी तुला म्हणणार न्हाई की दुसरं सुचेल. सुचेल की न्हाई मला ठाऊक न्हाई. रात्री त्याची काळजी वाटते आन् मग मामा नसल्याचं आठवतं, आन् दोन्ही एकाच जागी दुखतं.

तेराव्याला ये. मोठ्या दारानं ये. लोक बघतील, बघू दे. आल्यावर माफीबिफी काही बोलू नको, जेव आन् पड.

दुसऱ्या दिवशी लवकर ऊठ. राशनवाला महिनाअखेरपर्यंतच देतो. तुझं नाव कार्डावरून मामानं कमी केलं न्हाई, मुद्दाम राहू दिलं होतं म्हणत होते. आपण दोघं जाऊ. रांगेत माझ्यापुढं उभा राहा आन् अंगठा दे.

तुझी,
आत्या